हत्तीसाठी रजा

परवा दुपारी शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी अनारशांची ताटली आणून टेबलावर ठेवली आणि मी एक पाऊल मागे सरले. अनारशाला भिण्यासारखं खरं तर काही नाही. तांदूळ, गूळ, तूप, वर खसखस; कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ. पण अधिक महिना लागला की वहिनींचा जावई येतो, जावई येतो म्हणून अनारसे होतात, आणि त्यातली एक ताटली भिंतीपलीकडे आमच्याकडे येते. मागच्या अधिकात ती आली होती, तेव्हापासून तापलेल्या तुपाचा वास आला की मला हत्ती आठवतो.

"कुठला महिना चाललाय?" खुर्चीतून ह्यांनी विचारलं. वास हल्ली त्यांना माझ्याआधी येतो.

"अधिक."

"अधिक कुठला?"

"ज्येष्ठ."

"मग हरकत नाही. वर्षावासाच्या आधीच आटोपतोय," असं म्हणून त्यांनी अनारशासाठी हात पुढे केला. हात ताटलीच्या जरा डावीकडे गेला. मी ताटली हाताखाली सरकवली. आता दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

मागच्या अधिकाच्या वर्षी मात्र वाटत होतं. त्या वर्षीचा सगळा पावसाळा मी दातावर दात ठेवून काढला.

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात होते. उभी नोकरी व्हॉल्व्ह, टाक्या आणि नळावरची भांडणं ह्यांत गेली. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वरून ऐकू जाईल असा आवाज कमावलेला. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न मलाच पडला होता, पण तो विहाराने सोडवला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात, प्रवास करत नाहीत, तो वर्षावास. त्या काळात बिबवेवाडीतल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ते वाचन ह्यांच्याकडे आलं आणि ह्यांच्याकडेच राहिलं. पांढरा सदरा, समोर माईक, ज्याची काही गरज नसायची. बाहेर रिक्षावाले, वडापाववाले, क्लासवरून सुटलेली पोरं, आणि आत ह्यांचा संथ, खणखणीत आवाज. मी बायकांच्या बाजूला बसायचे आणि घरी हाच माणूस चहात साखर कमी झाली म्हणून करवादतो, हे विसरून जायचे.

मग काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे होताच, कळला उशिरा. ह्या रोगाची खोड अशी की तो कडेकडेने खातो. ह्यांना ग्रंथातली अक्षरं दिसत होती, सुईत दोरा ओवता येत होता, पण दाराशी उभी असलेली मी दिसत नव्हते. कागदाची सुरळी करून डोळ्याला लावावी तसं जग झालं होतं. बारीक ते दिसायचं आणि मोठं ते निसटायचं.

दर काही महिन्यांनी नजरेच्या आवाक्याची तपासणी असे. एका पांढऱ्या घुमटात डोकं घालायचं, आत कुठेतरी ठिपका चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेरच्या बाकावर बसायचे. दार नीट लागत नसे, त्यामुळे बटणाचा आवाज ऐकू यायचा. टक. टक. मग काही नाही. मग पुन्हा टक. त्या मधल्या शांततेत ठिपके चमकत असणार आणि ह्यांना दिसत नसणार, हे मला बाहेर बसून कळायचं. इतक्या वर्षांत शाळेत किती परीक्षांना पहारा केला असेल, पण कुणाचा पेपर इतका कोरा जाताना मी ऐकला नव्हता. बाहेर येऊन हे विचारायचे, "पास ना?" मी म्हणायचे, "ढकललंय वरच्या वर्गात." एकदा डॉक्टरांनी नुसतेच थेंब बदलले. त्याची मला जास्त भीती वाटली.

त्याच आठवड्यात जेवताना हे म्हणाले, "मला हत्ती बघायचाय."

आमची मुलगी प्रज्ञा हिंजवडीला नोकरी करते. रविवारी ती जेवायला येते आणि अर्धं जेवण फोनवर असते. त्या दिवशी तिने फोन खाली ठेवला. "पप्पा, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आहे की हत्ती. रिक्षाने जाऊ, आत्ता."

"तो आणलेला आहे," हे म्हणाले. "मला आलेला बघायचाय."

आणलेला आणि आलेला. मी मराठीच शिकवत होते, पण ह्या दोन शब्दांत एवढं अंतर असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांच्या लहानपणी पेठेतून हत्ती फिरायचा. माहूत त्याला वाड्यांच्या दारांशी न्यायचा, बायका ओवाळायच्या, केळी द्यायच्या. घंटेचा आवाज आला की आमच्या वस्तीतली पोरंही धावायची. पण हत्ती वस्तीच्या तोंडाशी यायचा आणि वळायचा. वस्तीत तो कधीच शिरला नाही. हत्तीने ठरवलं नव्हतं, माहुताने ठरवलं होतं आणि माहुतालाही कुणी वेगळं सांगावं लागलं नव्हतं. ह्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, ह्यांना खांद्यावर घेऊन पळायच्या, तरी पोचेपर्यंत दिसायची ती पाठ, शेपूट आणि धूळ. "मी आयुष्यभर हत्ती मागूनच पाहिला," हे म्हणाले. "एकदा समोरून बघू दे. त्याच्या पायांनी आलेला."

प्रज्ञाने लॅपटॉप उघडला. जेवणाची ताटं तशीच वाळत पडली.

तिने शोधून काढलं बोट्सवानातलं नदीकाठचं एक राष्ट्रीय उद्यान. आपल्याकडे पाऊस लागतो तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो. रानातली डबकी आटत जातात, आणि ऋतूच्या शेवटी सगळे कळप नदीवर येतात. ह्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "पाणी कमी झालं की सगळे एका नळावर भेटतात," ते म्हणाले. "फक्त तिथे हंडे नसतील." मग तिथे पाऊस कधी लागतो, नदी कुठून येते, असे खात्यातल्यासारखे प्रश्न सुरू झाले. उत्तर एकच निघत होतं. जितकं उशिरा जाल तितके हत्ती जास्त. पण पाऊस लागला की संपलं, कळप पांगतात. ऑक्टोबरच्या पुढे भरवसा नाही.

"मग वर्षावास संपला की लगेच," ह्यांनी निकाल दिला. "आषाढ पौर्णिमा जुलैच्या सुरुवातीला, तीन महिने धर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी मोकळा." तीन महिन्यांचा वर्षावास हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही तिघांनी बोटांवर मोजलं, तिघांचा हिशेब जुळला, प्रज्ञाने तिकिटं काढली. मी लक्ष्मी रोडला जाऊन रुंद काठाची खाकी टोपी घेतली. दुकानदाराने विचारलं, "शेतावर जाताय का?" मी म्हटलं, "आफ्रिकेत." त्याने टोपी पिशवीत घालत म्हटलं, "तिथेही ऊन असेलच."

आता ह्यांना वेगळीच काळजी लागली. हत्ती त्या कागदाच्या सुरळीत मावणार कसा? रोज सकाळी आम्ही फिरायला निघायचो आणि हे बसथांब्यापाशी उभे राहायचे. बस आली की एक डोळा मिटायचे, मग दोन्ही उघडायचे, मग मागे मागे सरकत जायचे. पान टपरी, केळीवाला, एका दुकानाची पायरी. "आता मावली," असं एकदाचं म्हणायचे. "हत्ती बसपेक्षा लहान असतो ना गं?" मी म्हणायचे, "वागणूक चांगली असते एवढं नक्की." हसत हसत म्हणायचे आणि रस्ता ओलांडताना त्यांचा दंड इतका घट्ट धरायचे की बोटांचे वळ उठायचे. काही दिवसांनी त्यांना केळीवाल्यापाशी बस मावेना. पायरीपाशीही मावेना. ते आणखी मागे जाऊन उभे राहिले.

आषाढ पौर्णिमा झाली, वाचन सुरू झालं. आणि मग ती ताटली आली.

"घ्या वहिनी, अधिकाचे अनारसे," कुलकर्णीवहिनी म्हणाल्या. "अधिक श्रावण आहे ना यंदा. सगळंच महिनाभर पुढे गेलंय. गणपती, दसरा, कोजागिरी, सगळं."

अनारशाचा घास तोंडात होता. "कोजागिरीसुद्धा?"

"कोजागिरी काय वेगळी राहते का? ऑक्टोबर संपता संपता आली आहे. कॅलेंडर भिंतीला शोभेसाठी लावलंय वाटतं!"

कोजागिरी म्हणजे आश्विन पौर्णिमा. उरलेला अनारसा मी ताटलीत परत ठेवला. अधिक महिना, धोंडे, जावयाचं वाण, हे सगळं छप्पन्न सालीच आमच्या सासरच्या उंबऱ्याबाहेर गेलं. आमच्या घरात अधिक कुणी पाळत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आम्ही त्याला सोडलं होतं, पण चंद्राने सोडलं नव्हतं. त्या वर्षीचा वर्षावास तीन महिन्यांचा नव्हताच, चारचा होता. आमची तिकिटं होती त्याच्या शेवटच्या महिन्यातली.

संध्याकाळी मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढलं, नाकापाशी धरलं आणि ऑक्टोबरच्या पानावर चौकोनाचौकोनातून नजर फिरवली. पौर्णिमेचा गोल सापडल्यावर कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. तीनदा प्रयत्न केल्यावर ते लागलं. "मग राहू दे हत्ती," ते म्हणाले.

"अहो, वाचणारे दुसरे आहेत की विहारात."

"आहेत. पण मी घेतलेलं आहे."

"पुढे ढकलू."

"तिथे पाऊस लागेल."

"मग पुढच्या वर्षी," माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या वर्षी हा शब्द आमच्या घरात त्या दिवसापासून कुणी उच्चारला नाही.

तो श्रावण मला आठवतो तो कपड्यांच्या कुबट वासासारखा. काही वाळत नव्हतं, काही ठरत नव्हतं. प्रज्ञा रविवारी यायची, बापलेकीत चकमक व्हायची. "पप्पा, यू आर बीइंग इम्पॉसिबल, तुम्ही काही भन्ते नाही आहात!" ती ओरडायची. हे म्हणायचे, "हळू बोल, मला दिसत नाही, ऐकू येतं." मी गुपचूप फोनवर त्या नदीकाठचं हवामान बघायचे. आमच्या गॅलरीत पागोळ्या गळत असायच्या आणि फोनवर त्या परक्या गावावर रोज तोच पिवळा सूर्य. तिकडे एकेक डबकं आटत होतं, एकेक कळप नदीकडे निघाला होता, आणि इकडे हा माणूस अडून बसला होता. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की लगेच त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ व्हायची.

मग एका संध्याकाळी माईकवर शांतता झाली. ओळ संपली आणि पुढची ओळ ह्यांना सापडेना. काचबिंदूत असं होतं. अक्षर दिसतं, पण ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नजर परत येताना वाट चुकते. सगळं विहार गप्प बसलं होतं. माईकमधून फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. माझा पदर माझ्याच मुठीत आवळला गेला होता. ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझी शाळेतली फूटपट्टी काढली, ती ओळीखाली ठेवली आणि पुढे वाचू लागले. ही पट्टी त्यांनी खिशात कधीपासून ठेवली होती, कोण जाणे. म्हणजे हे होणार हे त्यांना माहीत होतं.

वाचन संपल्यावर विहारातल्या भिक्खूंनी, म्हणजे भन्तेंनी, त्यांना थांबवून घेतलं. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं; आक्कांनी घातलं होतं. भन्ते वयाने प्रज्ञाएवढे, बोलणं मोजकं. म्हणाले, "वर्षावासात भिक्खूलाही सात दिवसांची सवलत आहे. निकडीचं कारण असेल तर जाता येतं. सातव्या दिवसाच्या आत परत यायचं. आपण तर उपासक. आपल्याला हा नियमच नाही."

"नियम नाही म्हणून तर पाळायचा," हे म्हणाले. "आणि भन्तेजी, ती सवलत आजाऱ्यासाठी आहे, आईबापांसाठी आहे. हत्तीसाठी नाही."

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "आरं, मग डोळं आजारी न्हाईत व्हय तुजं? का त्येस्नी पन तू धडधाकट धरतोस?"

ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. "सात दिवसांत होईल?" त्यांनी मला विचारलं. खात्यात असताना रजेचा अर्ज मलाच लिहायला लावायचे, त्या आवाजात.

"होईल," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

घरी येताना, रिक्षात, त्यांनी अट सांगितली. आपल्या घराकडून वाचन खंडित होता कामा नये. त्यांच्या जागी मी वाचायचं. म्हणजे हत्ती बघायला हे आणि प्रज्ञा जाणार, आणि मी बिबवेवाडीत.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. रस्ता ओलांडताना दंड कुणी धरला? थेंब कुणी घातले? हवामान कुणी बघितलं? त्या रात्री मी भाकऱ्या थापल्या त्या शेजारी ऐकू गेल्या असतील. "दुसरं कुणी वाचेल की," मी म्हटलं. ते म्हणाले, "दुसरं कुणीही वाचेल. पण ती ओळ चुकली तेव्हा तू ओठांनी पुढचे शब्द म्हणत होतीस, असं आक्का म्हणाली. मला ते दिसलं नाही." मी गॅस बंद केला. खाकी टोपी मी त्यांच्या बॅगेत घातली. त्यांना ती मोठी झाली.

ते गेले आणि मी त्या आसनावर बसले. बायकांच्या बाजूने दिसतं त्यापेक्षा ते विहार तिथून फार मोठं दिसतं. माझा आवाज शिक्षिकेचा, थोडा वरच्या पट्टीतला. पहिल्या दिवशी एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, "साहेब कुठायत?" आक्काच म्हणाल्या, "रजेवर." रोज वाचताना वाटायचं, आत्ता आला असेल का? आत्ता? नदीच्या पलीकडेच थांबला तर? आला आणि ह्यांच्या सुरळीत मावलाच नाही तर? प्रज्ञाचे निरोप यायचे. कळप दिसले, पण दूर, पाण्यात, झाडीआड. पप्पांना राखाडी काहीतरी दिसलं. पप्पा गप्प आहेत. आज ढग आलेत. ढग आलेत हे वाचून मी जेवले नाही.

परतीला निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला तो नेमका वाचनाच्या वेळी. फोन पिशवीत, बंद. वाचन संपवून, पट्टी ग्रंथात ठेवून, चपला घालून मी तो चालू केला, तर तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी विहाराच्या पायरीवर बसून तो ऐकला. आक्का शेजारी टेकल्या.

परवा अनारसा खाऊन झाल्यावर ह्यांनी तोच आवाज मागितला. आता त्यांना खिडकीचा उजेड तेवढा कळतो. वर्षावासात वाचन मीच करते, ते समोर बसतात आणि मी अडखळले तर पुढचा शब्द देतात. मी फोन शोधला, आवाज मोठा केला आणि टेबलावर, ताटलीशेजारी ठेवला.

आधी कुठल्याशा पक्ष्याचं किरकिरणं. कुणीतरी इंग्रजीत हळूच सांगतं, हलू नका. मग प्रज्ञाचा दबका आवाज, "पप्पा, समोर. सरळ समोर. दिसतोय? मावतोय?" उत्तर नाही. वाळलेलं गवत मोडल्याचा आवाज, एक पाऊल, आणखी एक. मग एक मोठा, जाड श्वास, जो माणसाचा नाही. आणि मग ह्यांचा आवाज, खड्ड्यात हाक मारणारा तो आवाजच नव्हे, अगदी बारीक, पोरासारखा: "आक्का... आक्के, समोरनं आला गं."

मी इकडे घसा कोरडा करत होते, आणि हे तिकडे आक्कांना हाक मारत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लागलं होतं, आणि पायरीवर आक्कांनी तोंडात पदर कोंबला तेव्हा ते लागणं निघूनही गेलं होतं.

त्याच्यापुढे फक्त दोन श्वास, त्याचा आणि ह्यांचा. मग ह्यांचा नेहमीचा आवाज येतो, प्रज्ञाला सांगणारा: "चल बेटा. तो वळायच्या आत निघू. मागून पाहिलाय मी."

गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो आणि रेकॉर्डिंग संपतं. नंतर हत्ती वळला असेल, गवतात शिरला असेल, पाठ, शेपूट, धूळ. ते आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही.